यजमान घर आणि परदेशी विद्यार्थी : नंदिनी नगरातला एक वाद

शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणजे पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने एक शैक्षणिक वर्ष परदेशात काढणे, तेही तिथल्या नेहमीच्या शाळेत जाऊन आणि तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहून. पदवीसाठी परदेशी गेलेला विद्यार्थी फी भरतो, खोली भाड्याने घेतो, स्वतः रांधतो आणि उशिरा आला तर कोणाला जाब देणे लागत नाही. एक्स्चेंजवर गेलेल्या मुलीला मात्र घर मिळते. त्या घरात जेवणाची वेळ ठरलेली असते, भांडी विसळण्याची पाळी असते, रात्री परतण्याची मर्यादा असते, आणि ती वेळेवर आली नाही तर काळजीने वाट पाहणारे कोणीतरी असते. यजमान कुटुंबाला या सगळ्याचा मोबदला मिळत नाही. शाळा हा या वर्षाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा, आणि बहुतेकदा जड जाणारा, हे घर असतो.

सोळा वर्षांची मुलगी परक्यांच्या घरी वर्षभर ठेवावी का, आणि परक्यांचे मूल आपल्या घरी ठेवून घ्यावे का, हे दोन प्रश्न सहसा जोडीनेच येतात, कारण मूल पाठवणाऱ्या घराने दुसऱ्याचे मूलही सांभाळावे अशी अपेक्षा रोटरी या जगभर क्लब असलेल्या सेवासंस्थेच्या कार्यक्रमात अनेक ठिकाणी असते. या दोन प्रश्नांवरची दोन मते इथे एका वहिनीच्या आणि तिच्या धाकट्या दिराच्या तोंडी घातली आहेत. वहिनी शाळेत शिकवतात. त्यांची मुलगी दहावीत आहे. भाऊजी खाणीच्या कचेरीत काम करतात. माणसे कल्पित आहेत, पण त्यांचे म्हणणे नंदिनी नगरातल्या कुठल्याही मराठी क्वार्टरात ऐकायला मिळेल असे आहे.

नंदिनी नगर ही छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाई शहराच्या उत्तरेला असलेली भिलाई पोलाद कारखान्याची खाण वसाहत. इथली चुनखडी झोतभट्टीत जाते आणि लोहखनिजातली माती-वाळू मळीच्या रूपाने वेगळी काढते. या भागात मराठी माणूस दोन लाटांनी आला. पहिली नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर. ते राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, पण घराणी इथेच राहिली. दुसरी कारखान्याबरोबर. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची माणसे रेल्वेने सरळ दुर्गला उतरली आणि नोकरीला लागली. म्हणजे ज्या घरांत हा वाद होतो ती घरेही एकेकाळी परक्या मुलखात येऊन रुजलेली आहेत. वहिनींचा पहिला मुद्दा इथूनच निघतो.

"भाऊजी, हे गावच परदेशी माणसांच्या हातांनी उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन तज्ज्ञ इथे येऊन राहिले, आपले इंजिनिअर तिकडे शिकायला गेले. त्याच मैत्रीच्या नावाने मैत्री बाग आहे. परदेशी माणसाची भीती भिलाईला कधीपासून वाटायला लागली?"

भाऊजींचे उत्तर या उदाहरणाचा रोखच बदलते. "वहिनी, रशियन आले ते आपापल्या निवासात राहिले. त्यांचे जेवण वेगळे, शेजार वेगळा. आपली माणसे गेली ती नोकरदार, मोठी, कारखान्याने पाठवलेली. कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊन ती राहिली नाहीत. दोन देशांचा करार वेगळा आणि सोळा वर्षांच्या पोरीला अनोळखी बाईच्या हवाली करणे वेगळे."

या उत्तरात तथ्य आहे. भिलाईतली भारत-सोव्हिएत मैत्री खरी आणि खोल होती, पण ती कामाच्या जागेवरची होती. यजमान घराची कल्पना नेमकी त्या उणिवेतून जन्मली आहे: परदेशी माणूस सहकारी म्हणून, पाहुणा म्हणून किंवा पर्यटक म्हणून भेटला तर त्याचे घर दिसत नाही, आणि घर दिसले नाही तर त्याचे वागणे उमगत नाही. फ्रान्समधल्या नीस शहराच्या रोटरी क्लबने १९२७ मध्ये अशी पहिली देवाणघेवाण घडवल्याचे मानले जाते. १९३२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला आणि तरुणांना परदेशी कुटुंबांत ठेवणे हाच त्याचा गाभा बनवला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींच्या गाड्या चालवणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची संघटना म्हणजे एएफएस. तिने दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, शाळकरी मुलांची देवाणघेवाण हाती घेतली. ज्यांनी दोन युद्धांत माणसे मरताना पाहिली त्यांनी पुढच्या पिढीसाठी निवडलेला हा मार्ग होता. रोटरीने १९७२ मध्ये ही योजना जगभरच्या आपल्या क्लबांना शिफारस म्हणून दिली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००२ मध्ये ‘येस’ नावाची शिष्यवृत्ती सुरू केली, आणि तिच्यातून भारतातली शाळकरी मुलेही वर्षभरासाठी अमेरिकेत जाऊ लागली.

मराठी वाचकाला मात्र या इतिहासासाठी इतके दूर जावे लागत नाही. अठरा वर्षांची एक मराठी मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरली. तिथून ती न्यू जर्सीतल्या रोझेल गावी एका कुटुंबात राहायला गेली. त्या कुटुंबाची आणि तिची ओळख फक्त पत्रांतली होती. ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी आणि तिच्या यजमानीण म्हणजे थिओडिसिया कार्पेंटर. गोपाळराव जोशींनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, तेव्हा ते त्यांच्या वाचनात आले. मासिकातल्या उत्तराने जोशींना मदत नाकारली होती. कार्पेंटरबाईंनी स्वतःहून पत्र धाडले. पुढची काही वर्षे पत्रव्यवहार चालला आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

वहिनींना हे उदाहरण निर्णायक वाटते. "धर्म वेगळा, अन्न वेगळे, पोशाख वेगळा, आणि तरी त्या बाईने पोरीला धर्म बदलायला सांगितले नाही, लुगडे सोडायला सांगितले नाही. शाकाहारी जेवण तिच्यासाठी केले. पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला पोचते केले. ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली. मावशीचे घर नसते तर बोटीतून उतरल्यावर ती कुठे गेली असती?"

"आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला ती गेली," भाऊजी म्हणतात. "बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. थंडी, अंगाला पुरे पडेल असे अन्न नाही, आणि क्षय. माया कार्पेंटरबाईंची खोटी होती असे मी म्हणत नाही. मायेने काय काय होत नाही ते सांगतोय."

इथे दोघेही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हे उदाहरण नीट पाहायला हवे. आनंदीबाईंच्या मृत्यूचे खापर यजमान घरावर फोडता येत नाही. रोझेलच्या घरी त्यांचा मुक्काम काही महिन्यांचाच होता. पुढची वर्षे त्या फिलाडेल्फियात राहिल्या, आणि क्षयावर त्या काळी कोणाकडेच औषध नव्हते. पण भाऊजींचा प्रश्न त्याहून बारीक आहे. आनंदीबाईंचे सगळे अमेरिकेतले जीवन एका बाईच्या भलेपणावर टांगलेले होते. ती बाई भली निघाली. तशी ती निघाली नसती तर तक्रार कोणाकडे करायची, दुसरे घर कोण शोधून देणार, आजारपणाचा खर्च कोण करणार, यातले काहीच ठरलेले नव्हते. बोटीवरच्या प्रवासात सोबतीला असलेल्या मिशनरी स्त्रियांकडून त्यांच्यावर धर्मांतरासाठी दडपण आले आणि ते त्यांना एकटीलाच सोसावे लागले. त्या कडव्या अनुभवाच्या शेजारी कार्पेंटरबाईंचे घर ठेवले म्हणजे लक्षात येते की त्या काळी परकी मुलगी चांगल्या हाती पडणे हा निव्वळ नशिबाचा भाग होता. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. यजमान आणि पाहुणी हे नाते इतक्या टोकाला जाऊ शकते, याचा याहून मोठा पुरावा आपल्या इतिहासात नाही.

यजमान घराला मराठी समाजात आणखी जुने भावंड आहे: वार लावून जेवणे. शिकायला शहरात आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी जेवत असे. पुण्यात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली कितीतरी शिक्षणे अशीच पार पडली. वहिनींना रोटरीची पद्धत याचीच सुधारलेली आवृत्ती वाटते, कारण तिथेही मूल वर्षभर एकाच घरी सहसा राहत नाही. तीन-चार महिन्यांनी घर बदलते आणि साधारण तीन कुटुंबे आळीपाळीने त्याला सांभाळतात.

भाऊजी हे मान्य करत नाहीत. "वाराचा मुलगा जेवायचा ते मान खाली घालून. वाढणारीच्या चेहऱ्याकडे बघून दुसरी पोळी मागायची की नाही ते ठरवायचा. आयुष्यभर त्या सात घरांचे उपकार डोक्यावर. आमच्या पोरीने असे मिंधे का व्हावे? त्यापेक्षा पैसे देऊन राहावे. पैसे देणारा ताठ राहतो."

वहिनी यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणतात, "वाराचे खरे दुखणे वेगळे होते, भाऊजी. वार मिळायचा तो जातीच्या मुलाला. बाकीच्यांनी कुठे जेवायचे? त्यांच्यासाठी शाहू महाराजांना कोल्हापुरात वसतिगृहे काढावी लागली, भाऊराव पाटलांना साताऱ्यात बोर्डिंग काढावे लागले. जात-धर्म न विचारता परक्याचे पोर पंगतीला घेणारे घर आपल्याकडे नव्हते. म्हणून मला ही पद्धत हवी आहे. ती आपल्यात नव्हती, म्हणूनच."

या उत्तराने चर्चेला उंची येते. कोल्हापुरात १९०१ पासून आणि साताऱ्यात १९२४ पासून निघालेल्या वसतिगृहांनी महाराष्ट्राचे शिक्षण बदलले. पण ती सारी घराबाहेरची व्यवस्था होती. उंबऱ्याच्या आतले दार तरीही बंदच राहिले. परदेशी मूल घरात घेणारे कुटुंब ते दार उघडते, आणि एकदा परदेशी मुलासाठी उघडलेले दार शेजारच्या वस्तीतल्या मुलासाठी बंद ठेवणे मग कठीण जाते. निदान तसे ते जायला हवे.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र भाऊजींची शंका रास्त आहे आणि तिला या पद्धतीने दिलेले उत्तर असे आहे. यजमानाला पैसे न देण्याचा नियम मुलाला मिंधे करण्यासाठी नाही; पैशासाठी मूल ठेवून घेणारी घरे दूर राहावीत, यासाठी आहे. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्याच्या यजमानाला मानधन मिळत नाही. करातून धर्मादाय वजावट मिळते तीही महिन्याला फार तर ५० डॉलरची. रोटरीच्या व्यवस्थेत परतीचे विमानभाडे, विमा आणि व्हिसाचा खर्च मुलाच्या आईवडिलांकडे असतो. राहणे, जेवण, शाळा आणि थोडा हातखर्च यांची जबाबदारी यजमान क्लब घेतो. उपकाराचे ओझे कमी होते ते मुख्यतः परतफेडीच्या चक्राने: आपली मुलगी तिकडे कोणाच्या तरी घरी, कोणाचे तरी मूल आपल्या घरी. वाराच्या मुलाला अशी परतफेड करण्याची सोय नव्हती.

आता सुरक्षिततेचा भाग. इथे भाऊजींकडे ठोस उदाहरण आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्क्रँटन शहरात, परदेशी शाळकरी विद्यार्थ्यांना राहण्यालायक नसलेल्या घरांत ठेवल्याचे आणि त्यांच्या जेवणाचीही आबाळ झाल्याचे उघड झाले. ज्यांनी घरे तपासायची त्यांनी ती तपासली नव्हती. त्यानंतर २०१० मध्ये परराष्ट्र खात्याने नियम कडक केले.

"म्हणजे चटका बसल्यावर शहाणपण आले," भाऊजी म्हणतात. "पहिल्या पोरांचे काय?"

वहिनी त्यावर वाद घालत नाहीत. नियम वाचून दाखवतात. अमेरिकेत यजमान घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. मूल येण्याआधी घरी जाऊन पाहणी होते आणि आल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत पुन्हा एकदा होते. स्थानिक समन्वयक मुलाशी आणि कुटुंबाशी दर महिन्याला बोलतो. मुलाला स्वतंत्र पलंग लागतो. खोली वाटून घ्यायची तर एकाच व्यक्तीबरोबर, आणि तीही मुलीबरोबर मुलगीच. रोटरीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक समुपदेशक नेमलेला असतो आणि तो यजमान कुटुंबातला नसतो. हा शेवटचा नियम या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. ज्या माणसाच्या घरी जेवायचे त्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे करता येत नाही, ही साधी गोष्ट ज्या योजनेने ओळखली तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. जिने ओळखली नाही तिच्या माहितीपत्रकावरचे हसरे चेहरे पाहून मूल पाठवू नये. आनंदीबाईंकडे नव्हते ते हेच: घराबाहेरचा, पण हाकेच्या अंतरावरचा माणूस.

मुलांवरही बंधने असतात. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, गाडी चालवायची नाही, प्रेमप्रकरण नाही. रोटरीत हे चार नियम जगभर ऐकवले जातात आणि मोडले तर मुलाला घरी परत पाठवतात. भाऊजींना हे चार नियम ऐकून बरे वाटते, आणि त्यांच्या विरोधाची धार इथे किंचित बोथट होते.

मग दुसरा प्रश्न येतो: आपल्या घरी परदेशी मूल. हा भाग तुलनेने कमी बोलला जातो, पण शिकण्यासारखे यातच अधिक आहे, कारण बाहेरचे मूल आले की घराला स्वतःचे नियम पहिल्यांदाच शब्दांत सांगावे लागतात. आपल्या मुलांना कोणी कधी सांगत नाही की चपला दाराबाहेर काढायच्या, पाणी फिल्टरचेच प्यायचे, बादलीतले पाणी मगाने घ्यायचे, पाहुणे आले की उठून उभे राहायचे, ताटात टाकायचे नाही. ती हे पाहून शिकतात. नव्या मुलाकडे पाहून शिकायला पंधरा वर्षे नसतात. म्हणून रोटरीने पहिल्या रात्री विचारायच्या प्रश्नांची एक यादीच करून ठेवली आहे. तिच्यातला पहिला प्रश्न यजमानांना काय म्हणून हाक मारायची हा आहे. त्यानंतर आंघोळ केव्हा, कपडे कोणी धुवायचे, भूक लागली तर स्वयंपाकघरात हात घालायचा का, घरी उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचे, असे सगळे येते.

"आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात?" भाऊजी विचारतात. "एप्रिल-मेमध्ये कूलरपुढे सगळे एका खोलीत झोपतात. एकांत कुठून देणार?"

अडचण खरी आहे. इथला उन्हाळा बाहेरच्या मुलाला सोसणे कठीण. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पण वर्ष बहुतेकदा ऑगस्टच्या सुमारास सुरू होते, तेव्हा छत्तीसगड हिरवेगार असते. आल्या आल्या मुलाला पोळा दिसतो. मराठी घरात त्या दिवशी मातीच्या बैलजोडीची पूजा असते. छत्तीसगडी शेजारी त्याच दिवशी पोरा करतात आणि ठेठरी, खुरमी करून वाटतात. पाठोपाठ तीजा आणि हरतालिका, मग गणपती, मग नवरात्र आणि डोंगरगडच्या बम्लेश्वरीची गर्दी. उन्हाची काहिली येईपर्यंत मूल घरात मुरलेले असते. एकांताचे म्हणाल तर एक कपाट, एक टेबल आणि दिवसातले दोन तास कोणी हाक न मारण्याचा करार, एवढे छोट्या क्वार्टरातही देता येते. मोठे घर हवे असा समज चुकीचा आहे. मोठ्या बंगल्यात एकट्या पडलेल्या मुलापेक्षा गच्च भरलेल्या घरात भांडी पुसणारे मूल लवकर बोलू लागते.

भाषेचा प्रश्न नंदिनी नगरात वेगळ्याच रंगाचा आहे. पुण्यात आलेले मूल मराठी शिकेल हे गृहीत असते. इथे घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, आठवडी बाजारात छत्तीसगडी. भाऊजींना वाटते की मूल गोंधळेल आणि कुठलीच भाषा धड शिकणार नाही. वहिनींचे म्हणणे असे की इथली सगळीच मुले रोज तीन भाषांत वावरतात. बाहेरच्याने शिकायचे तर तेच शिकावे. त्या आणखी एक गोष्ट बोलतात आणि ती महत्त्वाची आहे. इथल्या मराठी घरांत नवी पिढी आईशीही हिंदीत बोलू लागली आहे. घरात एक परके मूल मराठीत ‘मीठ द्या’ म्हणायला धडपडू लागले तर घरच्या मुलीलाही त्या भाषेत उत्तर द्यावे लागेल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. परदेशी व्यक्ती घरी मुक्कामाला आली की यजमानाने २४ तासांच्या आत तिची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करायची असते. पासपोर्ट सुरक्षित कुठे ठेवायचा हे पहिल्याच आठवड्यात समुपदेशकाबरोबर बसून ठरवलेले बरे.

मूल कुठल्याही दिशेने जावो, त्याच्या मनाचे काय होते यावर बराच अभ्यास झालेला आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांना विचारून १९५५ मध्ये निष्कर्ष मांडला: सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग सावरणे. सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांपेक्षा मधल्या मुदतीचे लोक कमी रुळलेले आढळले. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्यात परतीनंतरची दुसरी घसरण जोडली. शाळकरी मुलांचे वर्ष दहा-अकरा महिन्यांचे असते, म्हणजे या चढउताराच्या आलेखातल्या खोलगट भागातच संपणारे. भाऊजी हे हेरतात. "वहिनी, म्हणजे पोरगी नेमकी खचलेली असताना परत यायची! सावरायला वेळच नाही."

पुढच्या अभ्यासकांना हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही असे दिसले. अनेकांना सर्वांत जड जातात ते पहिलेच आठवडे. शिवाय लिसगार्ड यांनी पाहिलेले लोक प्रौढ होते आणि कुटुंबात ठेवलेले शाळकरी विद्यार्थी नव्हते. तरीही भाऊजींचा इशारा सोडून देण्यासारखा नाही. पडत्या काळात मूल काय करते, यावर पुष्कळ काही ठरते, आणि आज ते फोन उघडते. आनंदीबाईंची पत्रे पोचायला कित्येक आठवडे लागत. त्यामुळे रडू आले तर रोझेलच्या मावशीपुढेच रडावे लागे. आताच्या मुलीला रोज रात्री नंदिनी नगरातली आई पडद्यावर दिसू शकते. मग यजमान घरातल्या बाईला काही सांगण्याची गरज उरत नाही आणि दोन परकी माणसे एका छताखाली परकीच राहतात. अनुभवी समन्वयक घरचे फोन आठवड्यातून एकदा ठेवायला सांगतात, ते यासाठी. भाऊजींना रोजचा फोन हवा. वहिनींना रविवारचा पुरेसा वाटतो. या बाबतीत वहिनींचे ऐकावे, फक्त अडचणीच्या वेळी कुठल्याही क्षणी फोन करण्याची मुभा मुलीला आधीच देऊन ठेवावी.

शेवटचा आणि भिलाईत सर्वांत अवघड मुद्दा शाळेच्या वर्षाचा. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे विद्यार्थी कार्यक्रम सुरू होताना पंधरा ते साडेअठरा वर्षांचा असावा किंवा त्याने बालवर्ग वगळून अकराहून अधिक इयत्ता पूर्ण केलेल्या नसाव्यात. म्हणजे भारतीय मुलीसाठी सोयीचे वर्ष दहावीनंतरचे. भिलाईत मात्र तेच वर्ष जेईईच्या तयारीचे. हे शहर पोलादाइतकेच आपल्या कोचिंग क्लासांसाठी ओळखले जाते, आणि २०१६ मध्ये इथे आयआयटीही आली.

"सगळ्या मैत्रिणी बारावीला आणि ही परत अकरावीत," भाऊजी म्हणतात. "हे तिला चालेल का, ते तिला विचारलेत?"

वहिनींनी विचारलेले नसते. त्या तसे कबूल करतात, आणि चर्चेचे पुढचे पाऊल मुलीला बोलावून घेण्याचे ठरते. वर्ष जिचे जाणार आहे तिचा होकार सर्वांत आधी लागतो. निवड समित्याही मुलाखतीत हेच चाचपून पाहतात: मूल स्वतः निघाले आहे की आईवडिलांच्या हौसेपोटी पाठवले जाते आहे. तो होकार आला, तर पुढची कामे वेळेत व्हायला हवीत. निघण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून परतल्यावर कुठल्या वर्गात प्रवेश मिळेल ते लेखी घ्यायचे. परदेशी शाळेची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचे तपशील तिथून निघण्यापूर्वी शिक्क्यानिशी हाती घ्यायचे; मागाहून मागवताना महिने जातात. बोर्डाच्या परीक्षेसाठी अकरावी इथे पूर्ण करणे आवश्यक आहे का, हे बोर्डाकडूनच तपासून घ्यायचे. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबायचे नाही. भाऊजी एक अट घालतात की यातला एकही कागद बाकी असेल तर तिकीट काढायचे नाही. ती अट वहिनी मान्य करतात, आणि घरी येणाऱ्या मुलाच्या कागदांचीही तितकीच चोख व्यवस्था भाऊजींनी पाहावी, अशी आपली अट घालतात. तीही मान्य होते.